सतराव्या प्रोग्रामचं उत्तर

पट्टीमास्तरांनी सरांची वही जशीच्या तशी परत दिली असती, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण वस्तू जशीच्या तशी परत देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शेजाऱ्याची शिडी मागून आणली, तर परत करण्याआधी तिचे चारही पाय कापूनकुपून सारख्या उंचीचे करून द्यायचे. त्या शिडीवर पुढे कोणी चढायला धजलं नाही, हा भाग वेगळा.

मास्तर तंत्रशाळेत प्रोग्रामिंग शिकवत. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी पंधरा सेंटीमीटरची पोलादी पट्टी, म्हणून पट्टीमास्तर. विद्यार्थ्याचा प्रोग्राम चुकला तर ते माफ करत, समास चुकला तर नाही. "चुकलेलं उत्तर सुधारता येतं, वाकड्या वहीला औषध नाही," अशी पाटी त्यांनी प्रयोगशाळेच्या दारावर लावली होती. ती किंचित वाकडी लागली आहे हे त्यांना सोडून सगळ्यांना दिसत होतं, पण सांगणार कोण?

तर सरांची वही. सर म्हणजे मास्तरांचे सर. मास्तर आधी त्यांचे विद्यार्थी, मग त्यांचे मदतनीस, आणि सर निवृत्त झाल्यावर त्यांच्याच खुर्चीवर बसलेले. सरांनी चाळीस प्रोग्राम एका जाडजूड वहीत लिहून ठेवले होते. डाव्या पानावर निळ्या शाईने कोड. उजव्या पानावर, यंत्राला काय माहिती दिली ते लाल शाईने, आणि त्याच्याखाली यंत्राने दिलेलं उत्तर. हे उत्तर मात्र हाताने लिहिलेलं नव्हतं. त्या काळी प्रयोगशाळेत तळहाताएवढा एकच प्रिंटर होता, दुकानात पावत्या काढतात तसला. त्यातून निघालेली चिठ्ठी कापून, वरच्या कडेला डिंक लावून, सर ती पानावर चिकटवत. "कोड काय, कोणीही लिहील," सर म्हणायचे. "त्याला आपण काय दिलं आणि त्याने आपल्याला काय दिलं, ते शेजारी शेजारी दिसायला हवं."

सरांचं दुसरं एक वाक्य होतं, ते तीस वर्षं प्रत्येक वर्गाने ऐकलं. "थांबायचं कुठे ते आधी लिहा, मग सुरू करा." कारण नवशिक्या पोरांचे प्रोग्राम एकदा सुरू झाले की थांबायचं नावच घेत नसत.

सर आता घर आवरून मुलीकडे कायमचे निघाले होते, महिनाअखेरीला. मास्तरांच्या मनात आलं, या वहीचं छापील पुस्तक करावं. पन्नास प्रती. पहिली सरांच्या हातात, निघण्याआधी. वर्गासाठी हवी आहे अशी थाप मारून त्यांनी वही मागितली.

सरांनी ती कपाटातून काढली, जरा वेळ हातात धरली, मग दिली. "जायच्या आत आणून दे म्हणजे झालं. आणि सतराव्या प्रोग्रामच्या चिठ्ठीचा डिंक सुटत आलाय, ते पान जपून उघड."

"काळजीच नको, सर," मास्तर म्हणाले. हे शब्द पुढे त्यांना किती वेळा आठवले याची गणती नाही.

पहिला आठवडा साध्या टायपिंगमध्ये गेला. घरच्या कॉम्प्युटरवर मास्तर कोड टाइप करत आणि कॉम्प्युटर त्यांना न विचारता तो सुधारत असे. ओळीचं पहिलं अक्षर मोठं कर, सरळ अवतरणचिन्हं वाकडी कर. वाकडी! मास्तरांच्या डोळ्यांदेखत! शेवटी एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर एक अक्षरजुळणीची प्रणाली सुचवली. तिच्यात पुस्तकही प्रोग्रामसारखंच लिहायचं. इथे कोडची चौकट, इथे ओळींचे आकडे, इथे उत्तराची चौकट, असं लिहून दिलं की ती पानं बांधून देते. मास्तर हरखले. कोडला राखाडी चौकट, उत्तराला पांढरी. राखाडी किती राखाडी असावी यावर दोन संध्याकाळी गेल्या.

मग निराळंच घोडं अडलं. कोड एका पानाच्या तळाशी यायचा आणि त्याचं उत्तर पान उलटल्यावर. "कोड आणि उत्तराची ताटातूट मी होऊ देणार नाही," मास्तर भरल्या ताटावर बसून म्हणाले. सतरावा प्रोग्राम सगळ्यांत हट्टी निघाला. त्याला या पानावर आणलं की अठरावा पुढे ढकलला जाई, आणि अठराव्याला ओढलं की सतराव्याचं उत्तर एकटंच मागे राही.

"तुमच्या सरांनी काय शिकवलं होतं तुम्हाला?" बायकोने विचारलं. "थांबायचं कुठे ते आधी लिहा. लिहिलंय का कुठे?"

मास्तरांनी न ऐकल्यासारखं केलं. संसारात ही कला त्यांना प्रोग्रामिंगपेक्षा लवकर अवगत झाली होती.

एवढ्यात शेजारच्या प्रूफकाकांना सुगावा लागला. काकांनी चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती, आणि निवृत्तीनंतर ते जिन्यातल्या सूचनाफलकावर लाल पेनाने भागवत होते. ते आपणहून पहिली वीस पानं घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसन्न मुद्रेने परत आले.

"मास्तर, लेखकाला विरामचिन्हांचा गंध नाही हो! प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम! वाक्य संपलं ना? मग पूर्णविराम द्या. मी सगळे दिलेत."

"काका, तो कोड आहे. अर्धविराम काढला तर यंत्र चालणार नाही."

"भाषा शुद्ध ठेवायची की यंत्राची मर्जी राखायची, ते तुम्ही ठरवा," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. माणूस वाईट नव्हता. उपयोगी पडायची त्यांना फार हौस होती, आणि हौशी माणसाला नाही म्हणणं मास्तरांना कधी जमलं नाही. पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ इथेच कुठेतरी आहे.

कारण त्याच बैठकीत चिठ्ठ्यांचा विषय निघाला. मास्तरांची मूळ योजना होती की उत्तराच्या चौकटीत सरांच्या चिठ्ठ्यांचेच फोटो छापायचे. त्या फिकट झाल्या होत्या, पण वाचता येत होत्या. अडचण एवढीच की वीसेक वर्षांत त्यांच्या कडा वळल्या होत्या, आणि फोटोत सावली पडत होती. चौकट सरळ आणि आतली चिठ्ठी वाकडी. मास्तरांच्या जिवाला ते सोसेना.

"इस्त्री फिरवा," प्रूफकाका म्हणाले. "आम्ही चुरगळलेले ताव असेच सरळ करायचो. वरून एक धुतलेलं फडकं टाकायचं, की कागदाला कळतसुद्धा नाही."

"आधी एका चिठ्ठीवर करून बघा," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

आता खरं तर हेच वाक्य मास्तर दरवर्षी जूनपासून मार्चपर्यंत पोरांना ऐकवत. चाळीसवर चालवण्याआधी एकावर चालवून बघा. पण घरात ते बायकोच्या तोंडून आलं, त्यामुळे त्याचं वजन कमी झालं. एकेक चिठ्ठी इस्त्री करणं मास्तरांना अडाणीपणाचं वाटलं. त्यांनी चाळीसच्या चाळीस चिठ्ठ्या अलगद सोडवल्या, पाठीमागे पेन्सिलीने क्रमांक घातले, टेबलावर चादर पसरून आठ-आठच्या पाच रांगा लावल्या. रांगा पट्टीने तपासल्या. वरून फडकं टाकलं आणि एका दमात, पहिल्या रांगेपासून पाचव्यापर्यंत, तापलेली इस्त्री फिरवली.

फडकं उचललं. चिठ्ठ्या कमालीच्या सरळ झाल्या होत्या. आणि कमालीच्या काळ्या. चाळीस काळ्या पट्ट्या, पाच रांगांत, एका रेषेत.

त्या प्रिंटरला शाई नव्हतीच. तो कागदच तसा असतो, ऊब लागली की काळा होतो, आणि अक्षरं उमटतात ती तशीच. हे मास्तरांना ठाऊक नव्हतं म्हणावं तर तेही नाही. दुसऱ्या सहामाहीत "छपाईचे प्रकार" या धड्यात ते स्वतःच हे शिकवत, आणि दरवर्षी परीक्षेत तो प्रश्न हमखास घालत.

प्रूफकाकांनी एक चिठ्ठी उचलून मागूनपुढून पाहिली. मग म्हणाले, "आमचे ताव निराळे होते." आणि चपला शोधू लागले.

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. बायकोने "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही, त्यामुळे तर त्यांना आणखीच वाईट वाटलं. सरांनी विश्वासाने दिलेली वस्तू आपण आपल्या हाताने जाळली, ही बोच उरात राहिली. त्याच वेळी सरांकडे जाऊन पाय धरायला हवे होते. पण माणूस खड्ड्यात पडला की आधी वर कोणी बघतंय का ते पाहतो. मास्तरांना वाटलं, एवढं देखणं पुस्तक हातात पडल्यावर सरांना चिठ्ठ्यांची आठवणच होणार नाही.

शिवाय त्यांना एक युक्ती सापडली होती. लाल शाईतली माहिती वहीत शाबूत होती. मग तेच प्रोग्राम पुन्हा चालवायचे, तीच माहिती द्यायची, तीच उत्तरं येणार! आणि ती हाताने उतरवायचीही गरज नाही. नव्या प्रणालीत अशी सोय होती की पुस्तकाची पानं बांधताना ती स्वतःच कोड चालवते आणि आलेलं उत्तर खालच्या चौकटीत बसवते. दर वेळी ताजं. "झालं ते बरंच झालं," मास्तर दोन दिवसांनी बायकोला म्हणाले. "जुन्या चिठ्ठीवर कोण विश्वास ठेवतो? हे उत्तर जिवंत आहे."

हे सगळं घरच्या कॉम्प्युटरला झेपेना, म्हणून शाळेतलं मोठं यंत्र हवं होतं, आणि त्यासाठी हेडक्लार्कची परवानगी.

"बाहेरचा कोड शाळेच्या यंत्रावर चालवायला अर्ज लागतो," हेडक्लार्क म्हणाले.

"बाहेरचा कसला? सरांनी इथेच बसून लिहिलाय. त्या खिडकीपाशी."

"सर निवृत्त झाले. म्हणजे बाहेरचे." त्यांनी कागदांचा गठ्ठा पुढे केला. "चाळीस प्रोग्राम, चाळीस अर्ज. तीन प्रतींत."

अर्जात रकाने होते. प्रोग्रामचं नाव. तो काय करतो. त्यापासून इमारतीला धोका आहे काय. आणि शेवटचा रकाना: काम केव्हा थांबते. सतराव्या अर्जावर मास्तरांनी वळणदार अक्षरात लिहिलं, "व्यक्तीचे नाव व जन्मतारीख घेऊन, यंत्राच्या घड्याळातील आजच्या तारखेपर्यंत तिचे किती दिवस पूर्ण झाले ते सांगतो. इमारतीला धोका नाही." आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, "लगेच."

लाल शाईत कुण्या बाईचं नाव होतं आणि एक जन्मतारीख. असेल एखादी विद्यार्थिनी, असं मास्तर धरून चालले. सर वर्गातल्या पोरापोरींची नावं घालतच असत. तारीख किती जुनी आहे, इकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. खाली आलेला आकडा चौकटीच्या मधोमध बसतो की नाही, हे मात्र त्यांनी पट्टी लावून पाहिलं. बसत होता.

अर्ज मंजूर होऊन आले तेव्हा सर निघायला नऊ दिवस उरले होते. मग छापखाना. छापखानेवाल्यांनी नमुना म्हणून जी पानं काढली, ती मास्तरांनी दोनदा उलटसुलट करून पाहिली. सगळा कोड पानाच्या मधोमध, कवितेसारखा.

"डावीकडे उगाच कमीजास्त जागा सुटली होती, साहेब. पान भकास दिसत होतं. मी भरून काढली."

"अहो, त्या मोकळ्या जागेला अर्थ आहे! कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे ते त्यावरूनच कळतं!"

"अर्थ असता तर तिथे काहीतरी लिहिलं असतं," छापखानेवाले शांतपणे म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं म्हणा.

मास्तर चार दिवस छापखान्यात स्टुलावर बसून राहिले, हातात पट्टी घेऊन. कामगार त्यांना निरीक्षक समजून उगाच उठून उभे राहत. शेवटी मंगळवारी सकाळी शाळेच्या यंत्रावर सगळी पानं पुन्हा एकदा बांधली, चाळीसही प्रोग्राम पुन्हा एकदा चालले, ताजी उत्तरं चौकटींत जाऊन बसली, आणि छापखान्याचं यंत्र धडधडू लागलं. गुरुवारी पन्नास प्रती बांधून आल्या. चौकट चौकटीसारखी, समास समासासारखा. सतराव्याचा कोड आणि उत्तर एकाच पानावर. मास्तरांना भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट त्यांच्या मनासारखी सरळ झाली होती.

शुक्रवारी सकाळी ते सरांकडे गेले. घर रिकामं झालं होतं. भिंतींवर कपाटांच्या जागी स्वच्छ चौकोन उरले होते आणि मधे दोन खुर्च्या. या घरी मास्तर शंभरदा आले असतील. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, होत्या तेव्हा "पट्टी, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही" असं आतून ओरडायच्या. हे टोपणनावही त्यांनीच पाडलेलं. सात वर्षांपूर्वी त्या गेल्या तेव्हा मास्तर सरांच्या शेजारी उभे होते.

सरांनी पुस्तक हातात घेतलं. वरचं आपलं नाव वाचलं आणि खुर्चीत बसले. "वर्गासाठी हवी होती वही, नाही का?" ते म्हणाले. त्यांनी पानं उलटली. "समास सगळे सारखे आहेत."

"मोजलेत, सर."

"मोजलेच असशील." सर हसले. मग त्यांनी सरळ सतरावा प्रोग्राम उघडला.

त्यांनी उत्तराच्या चौकटीवर बोट ठेवलं. मास्तर वाट बघत होते, कौतुकाची.

"सव्वीस हजार चारशे अकरा," सरांनी वाचलं. "हे कधी चालवलंस?"

"मंगळवारी सकाळी, सर. अगदी ताजं उत्तर आहे."

"मंगळवारी." सरांनी चष्मा काढला. "मंगळवारी तिचे सव्वीस हजार चारशे अकरा दिवस पूर्ण झाले म्हणतोय हा."

तेव्हा कुठे मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. ते नाव काकूंचं होतं. तीस वर्षं ज्यांच्या हातचा चहा प्यायले, त्यांना नाव असेल असं त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्यांच्यासाठी त्या नुसत्या काकू होत्या. कधीतरी कुठल्या कागदावर वाचलंही असेल, पण लक्षात ठेवलं नाही. सात वर्षं झाली होती त्यांना जाऊन, आणि मास्तरांनी त्यांचे दिवस मोजून, मधोमध बसवून, पन्नास वेळा छापले होते.

"सर..." मास्तर म्हणाले.

"तुझी चूक नाही," सर म्हणाले. "माझीच आहे. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. थांबायचं कुठे ते विचारलंच नाही. जन्मभर पोरांना सांगत आलो, आणि स्वतः..." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग हात पुढे केला. "वही आण. तिच्यात बरोबर उत्तर आहे."

मास्तरांनी पिशवीतून वही काढली. काळ्या पट्ट्या तिच्यात आपापल्या जागी ठेवलेल्या होत्या. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी खाली बघत सगळं सांगितलं. कडा वळल्या होत्या ते, फडकं, पाच रांगा, सगळं.

"इस्त्री?" सर म्हणाले.

"हो सर."

"त्या कागदावर?"

"हो सर."

"परीक्षेत तो प्रश्न तूच घालतोस ना रे?" आणि सर हसू लागले. खुर्चीचे हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मास्तरांनाही हसू फुटलं, पण सरांचं हसू कधी थांबलं आणि पाणी मात्र वाहत राहिलं हे त्यांना उशिरा कळलं.

सरांनी सतराव्या प्रोग्रामची काळी पट्टी उचलली, खिडकीपाशी गेले आणि ती उजेडासमोर धरली. सरळ धरली, तिरकी धरली.

"तुला दिसतंय का काही?"

पट्टी कोळशासारखी काळी होती. "हो सर," मास्तर म्हणाले. "जरासं दिसतंय."

"मला नाही दिसत," सर म्हणाले. त्यांनी पट्टी जपून पुन्हा वहीत ठेवली. "पण पाठ आहे. अठरा हजार दोनशे त्रेसष्ट. पन्नासावा वाढदिवस होता तिचा, प्रयोगशाळेत घेऊन गेलो होतो. चिठ्ठी वाचून म्हणाली, यातले निम्मे दिवस मी तुमची जेवायला वाट बघण्यात घालवले, ते नाही का मोजत तुमचं यंत्र?"

खाली गाडी आल्याचा आवाज झाला. मास्तर घाईघाईने म्हणाले, "सर, मी शुद्धिपत्र छापतो. प्रत्येक प्रतीत चिकटवतो."

"काय लिहिशील त्यात?"

सरांनी वही आणि पुस्तक दोन्ही हातपिशवीत ठेवलं, पुस्तक वर आणि वही खाली, आणि मास्तरांच्या खांद्याचा आधार घेऊन जिना उतरले.

एकोणपन्नास प्रती घरी होत्या. रविवारी सकाळी मास्तर त्या टेबलावर घेऊन बसले, त्याच टेबलावर. प्रत्येक प्रतीत सतरावा प्रोग्राम काढायचा आणि चौकटीशेजारच्या समासात निळ्या शाईने लिहायचं, १८,२६३. बायको चहा ठेवायला आली आणि जरा वेळ बघत उभी राहिली.

"कुणाचं हो हे उत्तर?"

मास्तरांनी काकूंचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, पहिल्यांदाच. आकडे वरखाली होत होते, एका ओळीत एकही बसत नव्हता. पट्टी खिशातच होती. ती त्यांनी काढली नाही.